सरकारी वकील चक्क निवडून येतो? मॅनहॅटनच्या रॉबर्ट मॉर्गेंथॉबद्दल माहिती हवी आहे

मनवा_सांगली

नमस्कार मंडळी,

मी लॉच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि पुढच्या महिन्यात कॉलेजात सरकारी वकिलाचं स्वातंत्र्य या विषयावर सेमिनार द्यायचाय. वाचता वाचता एका ठिकाणी अडकलेय. २०१३च्या डिसेंबरात आपल्या राजनैतिक अधिकारी देवयानी खोब्रागडे यांना न्यूयॉर्कमध्ये अटक झाली तेव्हा आपल्या सगळ्या चॅनेलवर प्रीत भरारा हे नाव रात्रंदिवस होतं. मग २०२४च्या मे महिन्यात ट्रम्प यांना ज्युरीने ३४ आरोपांवर दोषी ठरवलं तेव्हा अ‍ॅल्विन ब्रॅग. पेपरात दोघांनाही "न्यूयॉर्कचे सरकारी वकील" म्हटलेलं. आणि आता कळतंय की भरारांना नेमलं होतं आणि ब्रॅग मात्र मतदान होऊन, प्रचार करून, निवडून आलेत!

आपल्याकडे असं कुणी सुचवलं तरी लोक अंगावर येतील. त्याच शोधात रॉबर्ट मॉर्गेंथॉ हे नाव सापडलं, मॅनहॅटनला सलग ३५ वर्षं निवडून आलेला सरकारी वकील. नव्वदी गाठेपर्यंत खुर्चीत. एवढी वर्षं लोक एका सरकारी वकिलाला का निवडून देतील? आणि मतांवर डोळा ठेवून कुणावर खटला भरायचा हे ठरवलं जात नसेल का? तिकडे राहणाऱ्यांपैकी किंवा वकिली करणाऱ्यांपैकी कुणी नीट समजावून सांगाल का, प्लीज. पुस्तकी उत्तर नको, ते माझ्याकडे आहे.

एडिसनकर

मनवा, छान विषय निवडलायस. मी बरीच वर्षं न्यू जर्सीहून ट्रेनने मॅनहॅटनला नोकरीला जात होतो, मॉर्गेंथॉंची शेवटची दोन इलेक्शनं जवळून बघितली आणि माणसाबद्दल मिळेल ते वाचलं, त्यामुळे जरा लांबण लागेल, सांभाळून घे.

आधी तो घोळ सोडवू. एकाच शहरात दोन वेगळी दुकानं आहेत. एक केंद्राचं, त्याच्या प्रमुखाला यूएस अटर्नी म्हणतात, त्याला राष्ट्राध्यक्ष नेमतात आणि सिनेट मंजुरी देतं. भरारा तिथले, ओबामांनी २००९ला नेमलेले. खोब्रागडे यांचं प्रकरण मोलकरणीच्या व्हिसाच्या कागदपत्रांचं, म्हणजे केंद्राच्या कायद्यातलं, म्हणून ते त्यांच्याकडे गेलं. दुसरं राज्याच्या कायद्याचं, खून, दरोडा, बलात्कार, घरफोडी, फसवणूक, हे सगळं डिस्ट्रिक्ट अटर्नी म्हणजे डीए बघतो, आणि तो दर ४ वर्षांनी निवडून येतो. न्यूयॉर्क शहरात पाच काउंटी आहेत म्हणून डीएही पाच, मॅनहॅटन, ब्रुकलिन, क्वीन्स, ब्रॉन्क्स, स्टॅटन आयलंड, प्रत्येकाचा आपापला. ब्रॅग हे मॅनहॅटनचे.

आता मॉर्गेंथॉ. हा माणूस या दोन्ही खुर्च्यांवर बसलेला आहे, म्हणून तुझ्या विषयाला याच्याइतकं चांगलं उदाहरण नाही.

जन्म १९१९चा, बड्या घरातला. आजोबा हेन्री मॉर्गेंथॉ पहिल्या महायुद्धात तुर्कस्तानात अमेरिकेचे राजदूत, आर्मेनियन लोकांची कत्तल चालली होती तेव्हा वॉशिंग्टनला तारांवर तारा पाठवणारे. वडील रूझवेल्टच्या मंत्रिमंडळात अर्थमंत्री. मुलगा नौदलात गेला. १९४४च्या एप्रिलात भूमध्य समुद्रात अल्जीरियाच्या किनाऱ्याजवळ त्याच्या लॅन्सडेल नावाच्या विनाशिकेवर जर्मन विमानांनी टॉर्पेडो टाकला, जहाजाचे दोन तुकडे झाले. याने आपलं लाइफ जॅकेट दुसऱ्या खलाशाला देऊन टाकलं होतं आणि रात्रीच्या काळोखात काही तास नुसता पाण्यावर तरंगत राहिला. तिथे त्याने देवाला शब्द दिला की वाचलो तर लोकांच्या उपयोगाचं काहीतरी करीन. ही गोष्ट तो म्हातारपणीही सांगायचा, आणि कामाच्या बाबतीत ती नुसती सांगण्यापुरती नव्हती असं माझं मत आहे.

येलमधून लॉ, मग खासगी वकिली, आणि १९६१ला केनेडींनी त्याला न्यूयॉर्कचा यूएस अटर्नी केलं, म्हणजे पुढे भरारा बसले तीच खुर्ची. मधे १९६२ला राजीनामा देऊन गव्हर्नरपदाला उभा राहिला, तेव्हाच्या गव्हर्नर रॉकफेलरसमोर पडला, परत त्याच खुर्चीवर नेमला गेला. प्रचारात भाषण करायला उभा राहिला की लोक जांभया द्यायचे इतका तो सभेत फिका होता. २२ नोव्हेंबर १९६३ला तो व्हर्जिनियात राष्ट्राध्यक्षांचे भाऊ रॉबर्ट केनेडी यांच्या घरी अंगणात जेवायला बसला होता. घराचं रंगकाम चाललेलं, एक कामगार हातात ट्रान्झिस्टर घेऊन यांच्या दिशेने धावत आला, तेवढ्यात फोन वाजला आणि पलीकडे एफबीआयचे प्रमुख हूवर. राष्ट्राध्यक्षांना गोळी लागलीय. भावाच्या चेहऱ्यासमोर बसलेला माणूस हा.

आता तुझ्या सेमिनारचा गाभा इथे आहे. १९६९ला निक्सन आले. मॉर्गेंथॉ तेव्हा वॉल स्ट्रीटवाल्यांच्या स्विस बँकांतल्या गुप्त खात्यांच्या मागे लागला होता, रॉय कोन या बड्या वकिलावर खटले भरत होता (ते खटले हरला हेही सांगतो, कोन सगळ्यांतून निर्दोष सुटला). निक्सनच्या लोकांनी सांगितलं राजीनामा दे. हा म्हणाला हातातली कामं संपल्याशिवाय नाही. काही महिने अडून राहिला पण शेवटी १९७०च्या जानेवारीत जावंच लागलं. नेमलेल्या माणसाचं हे असंच असतं, ज्याने नेमलं त्याचा पक्ष गेला की तो गेला. २०१७ला भरारांचंही तेच झालं.

आणि मग १९७४ला तो मॅनहॅटनच्या डीएसाठी उभा राहिला आणि जिंकला. आता वॉशिंग्टनला त्याच्या खुर्चीला हात लावता येत नव्हता. याचा उपयोग काय झाला ते बघ. १९८०च्या दशकाच्या शेवटी बीसीसीआय नावाची बँक होती, पाकिस्तानी बँकर आगा हसन अबेदींनी काढलेली, ७०च्या आसपास देशांत पसरलेली, ड्रग्जचा पैसा, हुकूमशहांचा पैसा, आणि बिचाऱ्या साध्या ठेवीदारांचा पैसाही. मुंबईतही शाखा होती, पुढे ती स्टेट बँकेच्या एका उपकंपनीने घेतली. वॉशिंग्टनमध्ये माहिती पोचली होती पण तिथे कुणी जोर लावत नव्हतं, तेव्हा सिनेटच्या चौकशीतला एक माणूस ती माहिती घेऊन थेट मॉर्गेंथॉकडे आला. एका शहराचा काउंटीचा वकील, चोऱ्यामाऱ्या बघणारा, त्याने जगभर पसरलेल्या बँकेवर हात टाकला, का तर पैसा मॅनहॅटनमधून फिरला होता. १९९१च्या जुलैत आरोपपत्र झालं, त्याच वर्षी बँकेने गुन्हा कबूल केला आणि ५५ कोटी डॉलरच्या मालमत्तेवर पाणी सोडलं. नेमलेला माणूस असता तर वरून एक फोन आला असता. माझं ठाम मत आहे की निवडून आलेला होता म्हणूनच हे जमलं.

बाकी कारकीर्द प्रचंड आहे, जॉन लेननचा खुनी, टायको कंपनीचा लबाड प्रमुख कोझलोव्हस्की, नाझींनी लुटलेलं एगॉन शीलेचं चित्र न्यूयॉर्कच्या म्युझियममधून बाहेर जाऊ नये म्हणून काढलेला समन्स, सगळं लिहीत बसलो तर रात्र जाईल. १९७९ला येलमधून नुकतीच पास झालेली सोनिया सोटोमायोर त्याने नोकरीला घेतली, ती आज सुप्रीम कोर्टात न्यायाधीश आहे.

काळाकोट

एडिसनकर, सुरेख लिहिलंत. मी नागपुरात फौजदारी वकिली करतो, काही वर्षं एपीपी म्हणजे सहायक सरकारी वकील म्हणूनही काम केलंय, तर आपल्या बाजूने थोडी भर घालतो, मनवाला सेमिनारमध्ये तुलना लागेलच.

मनवा, निवडून येणं हा फरक डोळ्यात भरतो, पण खरा फरक अधिकारात आहे. आपल्याकडे सरकारी वकील सरकार नेमतं. पूर्वी सीआरपीसीचं कलम २४, आता नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १८. जिल्ह्यात कलेक्टर सेशन्स जजशी सल्लामसलत करून पॅनेल करतो, ७ वर्षं वकिली झालेली असावी लागते. हे तुला माहीत असणारच. पण कोर्टात चार्जशीट कुठली जायची हे कोण ठरवतं? पोलीस. तपास त्यांचा, कलमं त्यांची. फाईल माझ्या टेबलावर यायची तेव्हा ३०७, म्हणजे खुनाचा प्रयत्न, लावलेला असायचा, जखम बघावी तर बोटभर, आणि डॉक्टरच्या सर्टिफिकेटवर साधी दुखापत. मी तोंडाने सांगायचो की साहेब हे टिकणार नाही, तपास अधिकारी म्हणायचे वरून आलंय वकीलसाहेब. चार्जशीटसाठी पोलिसांना सरकारी वकिलाचं मत घेण्याचं बंधन नाही हे सुप्रीम कोर्टानेही २०००मध्ये स्पष्ट केलंय. माझ्या हातात फार तर खटला मागे घेण्याचा अर्ज, तोही कोर्टाच्या परवानगीने, आणि प्रत्यक्षात सरकारने सांगितलं तरच.

मॅनहॅटनच्या डीएकडे उलटं आहे. पोलीस माणूस पकडून आणतात, पण कुठला गुन्हा लावायचा, की सोडूनच द्यायचं, हे डीएचं ऑफिस ठरवतं. म्हणून तिथे त्या माणसाला लोकांसमोर उभं करणं मला पटतं. एवढी सत्ता असेल तर जाब विचारायला कुणीतरी हवं. आपल्याकडे सत्ताच नाही तर निवडणूक कशाची घेणार?

आपल्याकडे सरकारी वकिलाचं नाव घराघरात गेलेलं उदाहरण म्हणजे उज्ज्वल निकम. पण तेही दर खटल्याला सरकारने नेमलेले विशेष सरकारी वकील, आणि मतदारांसमोर गेले ते २०२४ला खासदारकीसाठी, तिथे वर्षा गायकवाडांसमोर हरले, २०२५ला राज्यसभेवर नियुक्त झाले. म्हणजे आपल्याकडे तो रस्ता सरकारी वकिलीतून राजकारणात जातो, तिकडे सरकारी वकिलीच राजकारणातून मिळते.

रानवारा

दोघांचंही वाचलं. माहिती उत्तम पण एडिसनकर, तुम्ही एक गोष्ट वगळलीत आणि ती वगळून मॉर्गेंथॉबद्दल लिहिता येत नाही. सेंट्रल पार्क.

१९ एप्रिल १९८९ची रात्र. पार्कात पळायला गेलेल्या २८ वर्षांच्या बाईवर बलात्कार आणि इतकी मारहाण की ती जगेल असं डॉक्टरांनाही वाटत नव्हतं. त्या रात्री पार्कात पोरांचा एक घोळका दंगा करत होता, पोलिसांनी त्यातली काही पोरं उचलली. पाच जणांवर खटला झाला, काळे आणि लॅटिनो, वय १४ ते १६. तासन् तास चौकशी आणि मग कबुलीजबाब, त्यातले चौघांचे कॅमेऱ्यासमोर. ते जबाब एकमेकांशी जुळत नव्हते, कुठे झालं, कशाने मारलं, कोणी काय केलं, प्रत्येकाचं वेगळं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे डीएनए पाचांपैकी एकाशीही जुळत नव्हता, आणि हे खटला उभा राहण्याआधी माहीत होतं! तरी सरकारी वकिलांनी मांडलं की अजून एक सापडलेला नाही एवढंच. १९९०ला पाचही जण दोषी.

आता कॅलेंडर बघा. १९८९ हे मॉर्गेंथॉच्या इलेक्शनचं वर्ष. महापौराचंही. शहरात खुनांनी कळस गाठलेला, ट्रम्प तेव्हा बिल्डर होते, त्यांनी चार पेपरांत पानभर जाहिराती देऊन फाशी परत आणा म्हणून आरोळी ठोकलेली. अशा वेळी निवडून येणारा माणूस त्या पोरांना सोडून देऊन म्हणेल का की पुरावा जुळत नाही? मॉर्गेंथॉने मतांसाठी केलं असा माझा आरोप नाही, त्याला नोव्हेंबरात तसाही कुणी हरवणार नव्हतं. मी म्हणतोय की सगळं शहर एका दिशेला ओरडत असताना ज्याला त्या शहराकडेच मत मागायचंय तो कान बंद करू शकत नाही, आणि त्याच्या हाताखालचे तर नाहीच नाही. नेमलेल्याला वरून एक फोन येतो म्हणता, निवडलेल्याला लाखो येतात.

पुढे २००२ला मटियास रेयेस नावाच्या, आधीच जन्मठेप भोगणाऱ्या गुन्हेगाराने कबूल केलं की मी एकट्याने केलं. डीएनए त्याचाच निघाला. तोपर्यंत त्या पोरांची शिक्षा भोगून झालेली. कोरी वाइज १६चा होता म्हणून त्याला मोठ्यांच्या तुरुंगात टाकलं होतं, बारा-तेरा वर्षं. ही वर्षं कोण परत देणार? शहराने २०१४ला ४.१ कोटी डॉलर दिले, पण चौदाव्या वर्षी उचललेल्या पोराची शाळा, त्याच्या आईची झोप, याचा हिशेब कसा करायचा.

एडिसनकर

रानवारा, तुमचं म्हणणं मान्य आहे, आणि जे झालं त्याला माझ्याकडे बचाव नाही. पण गोष्ट तुम्ही जिथे थांबवलीत त्याच्या पुढचंही मनवाला कळायला हवं, कारण तिच्या प्रश्नाला तेच लागू पडतं.

रेयेसने कबुली दिली तेव्हा त्याच्यावर खटला भरण्याची मुदत संपून गेली होती. पाच जण बाहेर आलेले किंवा येणारच होते. गप्प बसणं सगळ्यात सोपं होतं. मॉर्गेंथॉने आपल्याच ऑफिसातल्या नॅन्सी रायन या वरिष्ठ वकिलाकडे सगळी केस नव्याने तपासायला दिली, ज्यांनी मूळ खटला चालवला त्यांच्याकडे नाही. ५ डिसेंबर २००२ला त्या ऑफिसने कोर्टात ५८ पानांचं निवेदन दाखल केलं, त्यात जबाबांतल्या विसंगती एकेक करून मांडल्या आणि पाचही जणांची शिक्षा रद्द करा असं स्वतःच सांगितलं. फक्त बलात्काराची नाही, त्या रात्रीच्या बाकीच्या आरोपांचीही. १९ डिसेंबरला न्यायाधीश तेहादांनी तसा हुकूम केला. पोलीस खातं खवळलं, त्यांनी वेगळा अहवाल काढला की पोरं दोषीच. जुनी सहकारी लिंडा फेअरस्टीन, लैंगिक गुन्ह्यांच्या विभागाची प्रमुख राहिलेली, तिनेही विरोध केला. म्हणजे स्वतःच्या ऑफिसच्या सगळ्यात गाजलेल्या खटल्यावर त्याने ८३व्या वर्षी स्वतः फुली मारली आणि पोलिसांना अंगावर घेऊन मारली.

जगात किती सरकारी वकील असं करतात? अमेरिकेत अशा कितीतरी काउंटी आहेत जिथे डीएनए निर्दोष सांगतोय आणि डीए वर्षानुवर्षं अपिलात भांडत बसलाय.

त्याने उशीर केला का, तर हो, १३ वर्षं. डीएनए जुळत नव्हता तेव्हाच थांबायला हवं होतं. दोन्ही खरं आहे आणि मला त्यातलं एक काढून टाकता येत नाही.

काळाकोट

कबुलीजबाबावरून एक. मनवा, हे लिहून ठेव. आपल्याकडे पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब पुराव्यात येतच नाही, एव्हिडन्स अ‍ॅक्ट कलम २५, आता साक्ष अधिनियमाचं कलम २३. इंग्रजांना सुद्धा आपल्या पोलिसांवर तेवढा भरवसा नव्हता. पण महाराष्ट्रात १९९९च्या मकोकाने, म्हणजे संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्याने, तो दरवाजा उघडला, कलम १८, एसपी दर्जाच्या अधिकाऱ्यासमोरचा जबाब चालतो. मुंबई लोकल बॉम्बस्फोटांच्या खटल्यात २०२५च्या जुलैत हायकोर्टाने १२ जणांना निर्दोष ठरवलं त्यात हे जबाबच कळीचा मुद्दा होते (सुप्रीम कोर्टाने पुढे सांगितलं की तो निकाल दुसऱ्या खटल्यांत दाखला म्हणून धरू नका, तेवढं लक्षात ठेव). सेंट्रल पार्कची पोरं आणि हे प्रकरण सारखं आहे असं म्हणत नाही, पण कोंडलेल्या खोलीत मिळालेल्या जबाबावर सरकारी वकिलाने किती टेकायचं हा प्रश्न दोन्हीकडे तोच आहे.

जुईली_क्वीन्स

मी वकील वगैरे नाही पण ग्रँड ज्युरीवर (खटला भरावा की नाही हे ठरवणाऱ्या सामान्य नागरिकांच्या गटावर) बसलेय, त्यामुळे डीएची सत्ता प्रत्यक्षात कशी दिसते ते सांगते. कुठल्या केसेस होत्या ते सांगायची कायद्याने बंदी आहे, खोली कशी असते तेवढं सांगू शकते.

पोस्टाने बोलावणं आलं. शाळेच्या वर्गासारखी खोली, पायऱ्यापायऱ्यांनी खुर्च्या, आम्ही २३ जण. समोर जज नाही. आरोपीचा वकील नाही (आरोपी स्वतः साक्ष द्यायला आला तरच त्याचा वकील शेजारी बसतो, तोही गप्प). फक्त डीएच्या ऑफिसातली वकील, बरेचदा तिशीच्या आतली पोरगी, हातात फाईल, ती एक-दोन साक्षीदार आणते, कधी नुसता एक पोलीस, दहा-पंधरा मिनिटं प्रश्न विचारते, मग कायदा वाचून दाखवते आणि बाहेर जाते. आम्ही हात वर करायचे. १२ हात वर झाले की माणसावर खटला. संपलं. दुसरी केस. दिवसाला अशा कितीतरी.

पहिल्या दिवशी मला वाटलं मी न्याय करायला आलेय, नंतर लक्षात आलं की आमच्यासमोर काय यायचं आणि काय नाही हे ती वकील ठरवून आलेली असते. माणूस अटकेत असेल तर पाच-सहा दिवसांच्या आत हे उरकावं लागतं, नाहीतर त्याला सोडावं लागतं, म्हणून ही घाई. आणि पुढे बहुतेक केसेस ज्युरीसमोर कधी जातच नाहीत, हा गुन्हा कबूल कर, तो वरचा आम्ही सोडतो, अशा सौद्यात संपतात. तो सौदा काय करायचा हेही डीएचंच ऑफिस.

पण कधी कधी ग्रँड ज्युरी ऐकत नाही. मॉर्गेंथॉच्याच काळात १९८४च्या डिसेंबरात बर्नार्ड गेट्झने सबवेत चार काळ्या पोरांवर गोळ्या झाडल्या, पाच डॉलर मागितले म्हणून. शहराने त्याला डोक्यावर घेतलं. पहिल्या ग्रँड ज्युरीने खुनाच्या प्रयत्नाचा आरोप लावायला नकार दिला, फक्त बेकायदा हत्यार. लोकांना तेच हवं होतं. मॉर्गेंथॉने नवीन साक्षीदार मिळवून दुसऱ्या ग्रँड ज्युरीसमोर केस नेली आणि खुनाच्या प्रयत्नाचा आरोप लावून घेतला. १९८५, पुन्हा इलेक्शनचं वर्ष बरं का! शेवटी १९८७ला ज्युरीने हत्यार सोडून बाकी सगळ्यातून त्याला निर्दोष सोडलं, ते वेगळं. पण रानवारा म्हणतात तसं शहराचा आरडाओरडा नेहमीच जिंकतो असं नाही.

मनवा_सांगली

बाप रे, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे मनापासून आभार. काळाकोट काका, ते ३०७चं उदाहरण मी वापरू का? नाव अर्थातच नाही घेणार.

अजून दोन शंका. एक, मॉर्गेंथॉ फाशीच्या विरोधात होता असं वाचलं, मग गुन्हेगारी शिगेला असताना लोक त्याला मतं कशी देत होते? दुसरी, एडिसनकर काका, तुम्ही स्वतः त्याला मत दिलंत का?

काळाकोट

खुशाल वापर, बाळा.

एडिसनकर

आधी दुसऱ्याचं उत्तर. नाही दिलं, देताच येत नव्हतं. मी राहतो न्यू जर्सीत. आणि गंमत बघ, नदी ओलांडली की नियम बदलतो, न्यू जर्सीत काउंटीचा सरकारी वकील गव्हर्नर नेमतात, ५ वर्षांसाठी. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत निवडणूक असते पण न्यू जर्सी, कनेक्टिकट, अलास्का अशी काही राज्यं वेगळी आहेत. म्हणजे एडिसनमधल्या एवढ्या मराठी घरांपैकी कुणीच सरकारी वकिलाला मत देत नाही.

फाशीचं. १९९५ला न्यूयॉर्क राज्याने फाशी परत आणली. त्याआधीच मॉर्गेंथॉने न्यूयॉर्क टाइम्समध्ये लेख लिहून सांगितलं होतं की फाशीने गुन्हे कमी होत नाहीत, उलट पैसा आणि माणसं त्यात अडकून पडतात आणि निर्दोष माणूस मरण्याचा धोका असतो. कायदा आल्यावरही त्याने एकाही खटल्यात फाशी मागितली नाही. मनवा, इथे तुझ्यासाठी मुद्दा आहे, ब्रॉन्क्सचे डीए रॉबर्ट जॉन्सन यांचंही मत तसंच होतं, तर १९९६ला पोलिसाच्या खुनाच्या एका केसमध्ये गव्हर्नर पटाकींनी ती केसच त्यांच्याकडून काढून राज्याच्या अटर्नी जनरलकडे दिली, आणि राज्याच्या सर्वोच्च कोर्टाने ते वैध ठरवलं. म्हणजे निवडून आलेला आहे म्हणून पूर्ण मोकळा असं नाही. गव्हर्नर डीएला पदावरून काढूही शकतात, पण आरोप देऊन आणि म्हणणं ऐकून घेऊन.

लोक मत का देत राहिले, तर एक म्हणजे मॅनहॅटन डेमोक्रॅटिक पक्षाचं, तिथे प्रायमरी म्हणजे पक्षांतर्गत निवडणूक जिंकली की जिंकलं. बरेचदा दुसऱ्या पक्षांनीही त्यालाच पाठिंबा दिला. दुसरं, तो गाजावाजा करायचा नाही, नामांकित वकील तयार करायचा, ५००च्या आसपास असिस्टंट त्याच्या हाताखाली. तिसरं, तो आला त्या १९७५ला मॅनहॅटनमध्ये वर्षाला साडेसहाशेच्या घरात खून होत होते, गेला त्या २००९ला साठच्या आसपास. त्यात त्याचा वाटा किती यावर लोक आजही भांडतात, पोलीस म्हणतात आमचा, पण मतदाराने हा हिशेब त्याच्या नावावर मांडला.

खरी लढत शेवटी २००५ला झाली. माजी न्यायाधीश लेस्ली क्रॉकर स्नायडर प्रायमरीत उभ्या राहिल्या, उघड प्रचार की ८६ वर्षांचा माणूस अजून किती दिवस. तो साठ टक्क्यांच्या जवळपास मतं घेऊन जिंकला. २००९ला स्वतःच थांबला, सायरस व्हान्स ज्युनियरना पाठिंबा दिला, त्यांच्यानंतर २०२२पासून ब्रॅग. मॉर्गेंथॉ २०१९च्या जुलैत गेला, शंभरीला दहा दिवस कमी असताना.

रानवारा

साडेसहाशे ते साठ या आकड्याबद्दल एक. त्याच वर्षांत न्यूयॉर्कचे तुरुंगही भरले, ड्रग्जच्या छोट्या केसेसमध्ये. १९७३च्या रॉकफेलर कायद्याने थोड्याशा पावडरीला १५ वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा, आणि तो कायदा रोज वापरणारे हेच डीए. मनवा, सेमिनारमध्ये हे टाक, डीएने कुठला कायदा जोराने वापरायचा आणि कुठला सैल सोडायचा याची निवड हीच त्याची सत्ता. मॉर्गेंथॉने फाशी सैल सोडली, ड्रग्जचा कायदा सोडला नाही. ब्रॅग निवडून आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात छोट्या गुन्ह्यांत तुरुंग मागू नका असं पत्रक काढलं आणि इतका गदारोळ झाला की महिन्याभरात त्यातलं काही मागे घ्यावं लागलं. तोच मतदार, तीच खुर्ची.

आणि एडिसनकर, २००२च्या बाबतीत तुमचं पटलं. मी तेवढं मान देऊन वाचलं नव्हतं.

नवीन_न्यूयॉर्कर

धागा वाचून विचारतोय, मी मॅनहॅटनलाच राहतो, ग्रीन कार्ड आहे. डीएच्या इलेक्शनला मत देता येतं का?

जुईली_क्वीन्स

नाही हो, त्यासाठी सिटिझनच असावं लागतं. मध्यंतरी शहराने ग्रीन कार्डवाल्यांना स्थानिक मतदानाचा कायदा केला होता पण राज्याच्या कोर्टाने तो रद्द केला. सिटिझन झालात की नोंदणी करताना पक्षाच्या रकान्यात काहीतरी भरा, रिकामा ठेवला तर जूनच्या प्रायमरीत मत नाही देता येणार, आणि मॅनहॅटनचा डीए तिथेच ठरतो. पक्ष बदलायचा असेल तर प्रायमरीच्या काही महिने आधीच बदलावा लागतो, ऐनवेळी चालत नाही. ज्युरीचं बोलावणंही सिटिझन झाल्यावरच येतं, आलं तर टाळू नका.